कुसाबाईनं गोठा जसाच्या तसा पाडला

गिरणाऱ्याच्या रस्त्यावरून डाव्या हाताला एक फाटा फुटतो. तो ओढा ओलांडतो, दोन चढ चढतो आणि आंब्याच्या तीन झाडांपाशी दमल्यासारखा थांबतो. तिथं आमचं गाव आहे. दीडशे उंबरा असेल. घरटी भाजीपाला आणि झेंडू. आमच्या गावचा माल पहाटे नाशिकला जातो आणि दिवस वर यायच्या आत कुणाच्या तरी पिशवीत पडलेला असतो. नाशिकची माणसं आम्हाला ओळखत नाहीत, पण आमची कोथिंबीर ओळखतात. एवढी ओळख आम्हाला पुरते.

त्या कोथिंबिरीत एक जुडी कुसाबाईची.

जुडी बांधणं हे काम सोपं दिसतं. मूठभर काड्या घ्यायच्या, मुळं एका रेषेत आणायची, भिजवलेल्या सुतळीचे दोन वेढे द्यायचे. पण मूठ माणसागणिक वेगळी असते. सकाळची मूठ आणि उन्हातली मूठ वेगळी असते. कुसाबाईची मूठ चाळीस वर्षांत बदलली नाही. एकदा मार्केट यार्डात एका व्यापाऱ्यानं पैज म्हणून तिच्या दहा जुड्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. दहाही वेळा काटा एकाच जागी थांबला. व्यापारी म्हणाला, "मावशी, हे हात हायेत का साचा?" कुसाबाई म्हणाली, "काटा बरा हाय तुझा. मला वाटलं बिघडलेला असंल."

हात जसे, तसं घर. पाखरं बोलायच्या आधी तिचं अंगण झाडून होतं. झाडता झाडता ती शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाते, कारण मधेच कुठं थांबायचं हे खराट्याला कळत नाही. तिचा उकिरडासुद्धा चौकोनी आहे. फावड्यानं चारही बाजू तासलेला, वरून सपाट. परगावचा पाहुणा तो बघून विचारतो की हा ओटा कशाचा. तिच्या दारावरून जाताना आमच्याकडची माणसं उगाच टोपी सरळ करतात.

तिचा नवरा पुंजा. त्याला गावात सगळे नाना म्हणतात. नानाला दोन गोष्टी चांगल्या जमतात, झेंडूला पाणी देणं आणि झोपणं. पाणी देताना तो झोपत नाही, एवढा तो शिस्तीचा. बाकी संसार कुसाबाईच्या हातातला. गोठा तर पुरता तिचाच. दहा वर्षांपूर्वी तिनं कोथिंबिरीच्या पैशांतून आठ पत्रे घेतले, बाभळीच्या चार मेढी स्वतः तासल्या आणि तुराट्यांचा कूड घालून तो उभा केला. शेत सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर. गोठा कागदावर कुणाच्याच नावावर नव्हता. पण गावात कुणी "नानाचा गोठा" म्हणत नसे. कुसाबाईचा गोठाच म्हणत.

वैशाखात, एका दुपारी, तो पडला.

वारा ब्रह्मगिरीकडून आला. आधी आंब्याची पानं उलटी झाली, मग कुत्री गप्प झाली, मग कुणीतरी आभाळाला धरून हिसका दिल्यासारखं झालं. सगळं मिळून दहा मिनिटांचा खेळ. कुणाचे टोमॅटोचे बांबू गेले, कुणाची झेंडूची सरीच्या सरी जमिनीला टेकली, कांदाचाळीतला कांदा भिजला. कुसाबाईच्या गोठ्याचे आठही पत्रे उडाले. सहा अंगणात विखुरले, त्यातले तीन पापडासारखे दुमडले. सातवा मारुतीच्या देवळाच्या कठड्यावर जाऊन बसला. आठवा शेजारच्या झिपरूच्या विहिरीत पडला. मेढी चारही दिशांना आडव्या झाल्या. कूड ओणवा झाला.

मोरी गाय मात्र खुंट्याला बांधलेली, होती तिथंच उभी, रवंथ करत. आणि तिच्या शेजारी बाजेवर नाना. छप्पर गेल्यावर त्याच्या तोंडावर उजेड पडला, तसा तो डोळे न उघडता म्हणाला, "कोण हाय रे? दार लाव."

त्याच संध्याकाळी सावळीराम कोतवाल गल्लीगल्लीतून ओरडत गेला. सरकारनं पंचनाम्याचा हुकूम काढला होता. ज्याचं जे पडलं असेल ते पडलेलंच राहू द्यायचं. तलाठी मॅडम येतील, बघतील, फोटो काढतील, मग हात लावायचा.

कुसाबाईच्या हातात तेव्हा खराटा होता. पहिला पत्रा तिनं उचललासुद्धा होता.

"वहिनी, ठेवा तो खाली!" सावळीराम दुरूनच ओरडला.

"अहो, रस्त्यात आडवा आलाय."

"येऊ द्या. आता तो तुमचा नाय, पुराव्याचा हाय."

"आन मी किती दिस ह्यो पसारा बघायचा?"

"मॅडमकडं अकरा गावं हायेत. येतील तेव्हा येतील. गोठ्याला तीन हजार मिळत्यात असं ऐकतो. पण पडलेला दिसला पायजे."

कुसाबाईनं हिशेब केला. दुमडलेले पत्रे तीन. नव्या पत्र्याला हजार. तीन हजार म्हणजे बरोबर तेवढेच. मोरीला दिवस भरत आले होते, आठ-दहा दिवसांत ती वेणार. गाय आता घराच्या पडवीत बांधावी लागणार होती. पण पैशापेक्षाही तिला दुसरं लागलं होतं. आयुष्यात तिनं सरकारकडं काही मागितलं नव्हतं. मागण्यासारखं तिच्या नावावर काही नव्हतंच. आता गोठा पडला होता, आणि तो तिचा होता. पडला ते पडला असं कुणीतरी कागदावर लिहावं, खाली तिचं नाव असावं, एवढं तिच्या मनानं घेतलं.

म्हणून तिनं पत्रा खाली ठेवला. आणि पडझड राखायला लागली.

पीक राखतात, गुरं राखतात, आमच्याकडं स्मशानातली चिंचसुद्धा राखतात. पण पडलेलं राखलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं. ती काठी घेऊन ओसरीवर बसायची. शेळी आली की हाकलायची, कारण शेळीनं तुराटी ओढली तर पडझड बदलणार. पोरं चेंडू घ्यायला आली की म्हणायची, "त्या मेढीला पाय लावू नका रे, ती तशीच पायजे." मारुतीच्या कठड्यावरचा पत्रा तिनं काढू दिला नाही. विहिरीतलाही नाही. झिपरू म्हणाला, "काकू, पाण्याला लोखंडाची चव लागतीया."

"चार दिस पी. अंगात रक्त वाढंल."

दिवसभर ती त्या पसाऱ्याकडं बघायची. बघवायचं नाही, तर पाठ करून बसायची. पाठ केली की पाठीला खाज सुटायची. रात्रीतून उठून बॅटरीच्या उजेडात बघून यायची, काही हललं तर नाही ना. तिसऱ्या दिवशी मार्केट यार्डातून तिची एक जुडी परत आली. जाड होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. नाना घाबरला. म्हणाला, "अगं, तीन हजाराच्या नादात तुझा हात जाईल."

चौथ्या दिवशी कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता सावळीराम सायकलवरून दारात आला आणि न उतरताच म्हणाला, "वहिनी, मॅडम दहाला येत्यात. पयलं तुमच्याच दारात."

आणि इथं घात झाला.

सावळीरामानं नुसतं "पंचनामा" म्हटलं असतं तर काही झालं नसतं. पण तो म्हणाला "येत्यात", आणि म्हणाला "दारात". म्हणजे पाहुणे. पाहुणे दारात येणार आणि दारात असा पसारा. आमच्याकडच्या बाईला हे दोन शब्द ऐकल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. तिचे हात तिला न विचारता चालायला लागतात. चार दिवस दाबून धरलेले हात सुटले. साडेसातला अंगण लोटलं. आठला पत्रे गोळा झाले, मोठे खाली, छोटे वर, कडेला कड. देवळावरचा आणि विहिरीतलाही आला, दोरी लावून नानाला ओढायला लावला. मेढी भिंतीला टेकून चढत्या क्रमानं उभ्या राहिल्या. तुराट्यांच्या पेंढ्या बांधल्या, एकसारख्या, जुडीसारख्या. वाकलेले खिळे दगडावर सरळ होऊन डब्यात गेले. नऊला शेणाचा सडा पडला. साडेनऊला रांगोळी, चार ठिपक्यांची नव्हे, एकवीस ठिपक्यांची. पावणेदहाला तिनं चहाचं आधण ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि कौतुकानं अंगणाकडं पाहिलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात स्कूटी वाजली.

तलाठी तेजल मॅडम सत्तावीस-अठ्ठावीसच्या. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पाठीवर सॅक, हातात सरकारी फोन. उन्हानं तोंड लाल झालेलं. त्यांनी रांगोळी चुकवून गाडी लावली, चौफेर पाहिलं आणि म्हणाल्या, "वा! किती छान ठेवलंय हो. नुकसान कुठं झालंय?"

"हे काय," कुसाबाई खालच्या आवाजात म्हणाली. "आवरून ठेवलंय."

"काय आवरून ठेवलंय?"

"नुकसान."

तेजल मॅडमनी पत्र्यांच्या थप्पीकडं पाहिलं. मग फोन वर केला, खाली केला. "मावशी, यात पडलेलं काय दिसतंय? हे तर नवीन गोठ्याचं सामान आणून ठेवल्यासारखं दिसतंय."

"ते तीन दुमडलेलेत की."

"कुठं दुमडलेत?"

दुमडलेले तीन सगळ्यात खाली होते. वरच्या पाचांच्या वजनानं ते बऱ्यापैकी सरळ झाले होते.

"चार दिस पडलेला होता, मॅडम," नाना मधे पडला. "मी सोता आत झोपलो होतो."

"मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही, काका. पण वरती फोटो जातो. वरच्यांना फोटोतलं दिसतं, मनातलं नाही."

कुसाबाई आत गेली. तिनं चहा आणून दिला. तेजल मॅडमनी तो निम्मा प्याला, आणि पिता पिता त्यांची नजर शेजारच्या झिपरूच्या गोठ्यावर गेली. एक मेढ कलती, छपराला भोकं, कूड पोट धरून वाकलेला, मधे फुटकी बादली आणि तुटका नांगर. मॅडम हळहळल्या. "अरे देवा! इथं तर फारच झालंय."

झिपरू दारात दात घासत उभा होता. "मॅडम, ह्याला काय नाय झालं. हे अकरा वर्सं असंच हाय."

"घाबरू नका काका, मिळेल तुम्हाला. इकडं उभे राहा." फोटो निघाला. "पूर्णतः बाधित."

"अवो पण वारा हिकडं आलाच नाय! आंब्यानं अडिवला!"

"काका, लोक नसलेलं नुकसान सांगतात, आणि तुम्ही असलेलं लपवताय. नाव सांगा."

झिपरूनं नाव सांगितलं. पंच म्हणून नानाची सही झाली. कुसाबाई हे सगळं ओसरीच्या खांबाला धरून बघत होती. तेजल मॅडमनी गाडीला चावी लावली, मग थांबल्या आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मावशी, गुरुवारी मी पलीकडच्या वाडीत येतेय. तुमची नोंद मी अजून केलेली नाही. मी काही सांगितलेलं नाही बरं का."

गुरुवारला दोन दिवस होते.

स्कूटी ओढा ओलांडून गेली तसा झिपरू आला. ओशाळला होता. "काकू, तुम्ही म्हणाल तर माझं नाव काढाया सांगतो."

"तुझं राहू दे. माझा कसा पाडायचा ते सांग. तुला पडझडीतलं कळतं."

झिपरूला पहिल्यांदाच कुणी जाणकार म्हणून विचारत होतं. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. कुसाबाईनं थप्पीतला एक पत्रा उचलून अंगणात ठेवला. मग दुसरा.

"काकू, तुम्ही मांडताय. मांडू नका. टाका."

तिनं टाकला. पत्रा पहिल्याला समांतर पडला.

"आता ह्यो असा तिरपा…" झिपरूनं पायानं ढकलला. "आन मधी एखादी बादली आणू का माझी? शोभंल."

"बादली नव्हती," कुसाबाई म्हणाली.

"नसू दे. वजन येतं."

"झिपरू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. जुड्या मोजताना असतो तसा झाला. "मला खोटं पाडायचं नाय. गोठा पडला हे खरं हाय. मग तो जसा पडला होता तसाच पडला पायजे. नाहीतर मी आन चोर ह्यात फरक काय?"

"पर कसा पडला व्हता हे आता कुणाला ठावं?"

"मला."

आणि तिला खरंच ठाऊक होतं. चार दिवस ती दुसरं काय करत होती? एकेक तुराटी तिच्या डोळ्यांत बसली होती. बुधवारी सकाळपासून तिनं गोठा पाडायला घेतला. पहिला पत्रा चुलीच्या खोलीपासून चार पावलं, पन्हळी खाली. दुसरा त्याच्यावर निम्मा चढलेला. तिसऱ्याचा कोपरा जाईच्या वेलात. सरळ झालेले तीन पत्रे तिनं नानाला गुडघ्यावर पुन्हा दुमडायला लावले, आणि घड्या मोजून घेतल्या. सरळ केलेले खिळे पुन्हा वाकवले. मेढ उत्तरेची, तिचं टोक घराच्या उंबऱ्याकडं. कूड ओणवा, पण पुरता नाही, गाय उठबस करील एवढी जागा सोडून. बांधताना तिला कधी एवढी मेहनत पडली नव्हती. वाऱ्यानं जे दहा मिनिटांत केलं ते करायला कुसाबाईला दीड दिवस लागला. वाऱ्याला ती मनातल्या मनात मान द्यायला लागली असावी.

सातवा पत्रा मारुतीच्या कठड्यावर चढवायला सावळीराम शिडी घेऊन आला. वर चढून म्हणाला, "वहिनी, फोटोत देऊळ येणार नाय. कशाला चढवायचा?"

"तिथं होता म्हणून."

आठव्याला झिपरू आडवा आला. "काकू, आताशी पाणी गोड झालंय!"

"एक दिवसाचा प्रश्न हाय."

"अवो, मी विहिरीत पत्रा हाय असं सांगतो ना मॅडमला! शपथ घेऊन सांगतो!"

"अकरा वर्सांचा गोठा वाऱ्यानं पाडला नाय, हे तू शपथ घेऊनच सांगत होतास. ऐकलं का कुणी?"

झिपरू बाजूला झाला. पत्रा विहिरीत गेला. बुडताना मोठा आवाज झाला, आणि कुसाबाईनं कान देऊन ऐकून मान हलवली. तेव्हाही असाच झाला होता.

गुरुवारी सगळं तयार होतं. मोरीला पडवीतून आणून तिच्या खुंट्याला, त्या पडझडीच्या मधोमध बांधली. तिच्या शेजारी बाज. बाजेवर नाना.

"डोळे मिटा," कुसाबाई म्हणाली.

"अगं, फोटोत मी कशाला?"

"तुम्ही होता."

"होतो, पण झोपलेलो होतो."

"मग झोपा."

साठ वर्षांत नानाला झोप आली नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. तो एका कुशीवर वळला, दुसऱ्या कुशीवर वळला. "हुकमानं झोप येत न्हाई," म्हणाला. कुसाबाई शेजारी काठी टेकवून उभी. गावातली निम्मी माणसं बांधावर बसलेली. कुणीतरी म्हणालं, "नाना, आत्ताच झेंडूला पाणी देऊन आलोय असं समज." हशा झाला. "हसू नका," कुसाबाई ओरडली, "त्या दिवशी कोणी हसत नव्हतं."

तेजल मॅडम बाराला आल्या. गाडीवरून उतरल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. चार दिवस त्या पडझडीच बघत फिरत होत्या, अकरा गावांच्या. अशी पाहिली नसावी. त्या पडझडीत एक मन लावून केलेलं काम होतं, आणि ते बघणाऱ्याला आपोआप कळायचं.

"मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "हे… असंच होतं?"

"त्या मेढीचं टोक बोटभर अलीकडं होतं. पण काल शेळी आली."

मॅडमनी फोटो काढला. एक, दोन, तीन. कुसाबाईला पुढं उभी केली, चौथा काढला. मग फोन डोक्यावर धरून चारही दिशांना फिरल्या. "आता वरती चढू द्या. रेंज नाहीये. फोटो गेला असं येईपर्यंत काही हलवू नका. गेला नाही तर परत काढावा लागतो." फोनवर एक गोल चक्र फिरत होतं. आम्ही सगळे त्या चक्राकडं बघत राहिलो. भोवऱ्याकडं पोरं बघतात तसे.

आभाळ कधी भरून आलं ते कळलं नाही. ब्रह्मगिरीकडून गार वारा सुटला. पहिला टपोरा थेंब पडलेल्या पत्र्यावर ताडकन वाजला. आणि त्याच वेळी मोरी खाली बसली, उठली, शेपूट वर केलं, पुन्हा बसली.

कुसाबाईनं मान वळवली. वासराचे दोन खुर बाहेर आले होते.

"हिला पडवीत न्या," कुणीतरी ओरडलं.

"आता कुठं नेता," ती म्हणाली. "निम्म्या वाटेत पडंल."

थेंब वाढले. गाय उघड्यावर, वर काही नाही. भोवती आठ पावलांत सहा पत्रे पडलेले, आणि त्यांना हात लावायचा नाही. तिनं तेजल मॅडमच्या फोनकडं पाहिलं. चक्र फिरत होतं. तिनं गायीकडं पाहिलं. गाईच्या पोटावरून कळ सरकली. कुसाबाईनं पुन्हा फोनकडं पाहिलं.

"किती राहिलं?"

"निम्मं झालंय, मावशी. पाच मिनिटं."

पाच मिनिटं ती थांबली असती तर आमच्यापैकी कुणी तिला बोललं नसतं. ती एवढा वेळही थांबली नाही, जेवढा मला हे सांगायला लागला.

"उचला रे पत्रे!"

"मावशी, हलवू नका, फोटो—"

"बाई, तूबी ये! तो कोपरा धर!"

तेजल मॅडमनी सरकारी फोन सॅकमध्ये कोंबला आणि पत्र्याचा कोपरा धरला. मेढी रोवायला वेळ नव्हता. एका कोपऱ्याला नाना, एकाला सावळीराम, एकाला झिपरू आणि एकाला तेजल मॅडम, चौघांनी हात वर करून दोन पत्रे डोक्यावर धरले. चार माणसांच्या चार मेढी. वर पाऊस वाजत होता. खाली कुसाबाई गुडघ्यावर बसून खुर धरून, कळ येईल तसा ओढ देत होती. "नाना, उजवीकडं वाकडं झालंय," ती मान वर न करता म्हणाली, "सरळ धरा." चौघांनी छप्पर सरळ केलं.

झिपरू पुटपुटला, "मॅडम, हे कोणत्या रकान्यात बसतं?"

"काका, बोलू नका. हात दुखतायत."

कालवड झाली. कपाळावर पांढरा टिळा. कुसाबाईनं तिच्या नाकातोंडातला चिकटा पदरानं काढला, मोरी चाटायला लागली, आणि बांधावरच्या माणसांनी पाऊस असून टोप्या काढल्या. मग चारजण पुढं झाले. एक मेढ खड्ड्यात गेली, एक माणूस सुटला. दुसरी गेली, दुसरा सुटला. उरलेले पत्रे वर चढले. दुमडलेले दगडानं ठोकून सपाट केले. सगळ्यात शेवटी तेजल मॅडम सुटल्या. त्यांचे हात खाली येईनात, तेव्हा सावळीरामच्या बायकोनं धरून खाली आणले.

पाऊस थांबला तेव्हा गोठा उभा होता. थोडा बुटका, पण उभा.

तेजल मॅडमनी फोन काढला. चक्र थांबलं होतं. फोटो गेला नव्हता. तो परत काढा, असं फोन म्हणत होता.

सगळ्यांनी उभ्या गोठ्याकडं पाहिलं. मग मॅडमच म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांना स्वतःलाच विचित्र वाटत असावं, "मावशी, गायीला तासाभरात पडवीत नेऊ. मी थांबते. मग परत…" त्यांनी हातानं गोठा आडवा केल्यासारखं केलं. "अर्धा तास. पटकन फोटो. मीपण मदत करते पाडायला."

"मी बी," झिपरू म्हणाला. "मला आता सगळं पाठ हाय."

कुसाबाई हात धूत होती. तिनं तांब्या खाली ठेवला. "बाळंतिणीवरचं छप्पर काढत्यात का कुठं?"

"अगं, गाय हाय ती," नाना म्हणाला. "आन तीन हजार."

"बारा दिवस तरी हलवायचं नाय. तुमच्या आईनं मला बारा दिवस हलवलं होतं का?"

"नाय."

"मग."

"मावशी, बारा दिवसांनी यादी बंद झालेली असेल," तेजल मॅडम म्हणाल्या. "मला आज काहीतरी लिहावंच लागेल. आणि जे दिसतंय तेच लिहावं लागेल."

"लिहा की."

मॅडम बाजेवर बसल्या. पंचनाम्याचा कागद गुडघ्यावर घेऊन लिहीत लिहीत मोठ्यानं वाचत गेल्या, कारण कुसाबाई समोर उभी होती आणि तिला ऐकायचं होतं. प्रत्यक्ष स्थळपाहणी केली असता सदर गोठा सुस्थितीत उभा असल्याचे आढळले. आत एक गाय व एक नवजात कालवड. गोठ्याची मालकी कुसाबाई पुंजा हिची. नुकसान निरंक.

"निरंक म्हंजी?"

"काही नाही."

कुसाबाईनं गोठ्याकडं पाहिलं. कालवड उठायचा प्रयत्न करत होती, पाय चार दिशांना जात होते. "आजच्या घडीला बरोबर हाय," ती म्हणाली. "आता ते मालकीचं परत वाचा."

मॅडमनी वाचलं.

"अजून एकदा."

मॅडमनी अजून एकदा वाचलं. मग कुसाबाईनं पेन मागून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

आषाढात यादी लागली. तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर, आमच्या गावची तेवीस नावं. झिपरूचं चौथं. त्या पैशांतून त्यानं गोठा नीट करायचं मनात घेतलं, पण पुन्हा कुणी पाहणीला आलं तर काय दाखवायचं या विचारात तो अजून आहे. कुसाबाईचं नाव यादीत नाही. बाजारात कुणी विचारतं, "मावशी, तुमचा गोठा पडला नव्हता का वादळात?" ती जुडीला सुतळीचा दुसरा वेढा देते आणि म्हणते, "दोनदा पडला. एकदा वाऱ्यानं, एकदा मी. माझा जास्त चांगला पडला होता."